नऊ घरांचा कवी

आम्ही तिघी मैत्रिणी भेटलो की अर्ध्या तासात कुणीतरी म्हणतंच, "अगं, ते पुतळ्याचं सांग ना!" मग पुतळ्याचं म्हणजे नेमकं कुठलं, यावर वाद. खड्ड्याचं, की पगडीचं, की माईंचं? तोवर चहा गार होतो. पुतळा एकच, तोही नुसता छातीपर्यंतचा, आणि त्याचे किस्से मात्र इतके! याला कारण आहे. त्या काळात आम्ही सगळ्याजणी कुणा ना कुणावर जळत होतो. समाधानी माणसांकडे सांगण्यासारखं काही साठत नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

तर दोन हजार चारच्या आसपासची ही गोष्ट. गाव नोव्हाय, मिशिगन. तिघींचे नवरे गाड्यांच्या कंपन्यांत. आम्ही तिघी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेल्या. राहा, खा, ड्रायव्हिंग शिका, पण नोकरी करायची नाही! मी मंजिरी, पुण्याची. सहा वर्षं इमारतींच्या पायांचं आणि खांबांचं डिझाइन केलेली. शिल्पा नागपूरची, फाइन आर्ट्स शिकलेली. अनघा मुंबईची, बँकेतली. तिघी सकाळी मुलांना स्ट्रोलरमध्ये घालून अपार्टमेंटमागच्या पार्कात तळ्याभोवती फेऱ्या मारायचो. रोज चार. कंटाळा फार आला तर सहा.

* * *

एक दिवस तळ्याकाठच्या हिरवळीवर चार खुंट्या दिसल्या. त्यांना पिवळी दोरी, मध्ये पाटी. अनघा लांबूनच म्हणाली, "झोपाळे येतायत, चला बरं झालं!"

जवळ जाऊन वाचलं तर, इथे एका कवीचं स्मारक होणार!

आमच्याच अपार्टमेंटमध्ये सेव्दा नावाची एक बाई राहायची. लाँड्री रूममध्ये ओळख झालेली. ती मागून आली आणि अभिमानाने म्हणाली, "आमचा कवी. अझरबैजानचा. शेकडो वर्षांपूर्वीचा."

मी विचारलं, "तुम्ही लोक इथे बरेच आहात वाटतं?"

"हो ना! नऊ घरं."

नऊ! आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीला शाळेचं पार्किंग पुरत नाही, लोक गवतावर गाड्या लावतात. आणि यांची नऊ घरं, आणि भर पार्कात पुतळा!

"पण परवानगी कशी मिळाली?" अनघाने विचारलं. तिला आत काहीतरी वशिला असणार असा संशय.

"पत्र लिहिलं," सेव्दा म्हणाली. "विचारलं, ठेवू का? ते म्हणाले, ठेवा."

विचारायचं असतं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं!

* * *

ही बातमी मंडळाचा अध्यक्ष विनय याच्यापर्यंत जायला एक संध्याकाळ लागली. माझा नवरा संजय कमिटीत होता, त्यामुळे ती मीच पोहोचवली म्हणा ना. विनयच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्याच रविवारी आपल्या बेसमेंटमध्ये त्याने तातडीची मीटिंग बोलावली.

"नऊ घरांत आपलं ढोलपथकसुद्धा उभं राहत नाही," तो म्हणाला. "आणि ते लोक पुतळा उभा करतायत! आपणही आपल्या एका कवीचा करायचा. आजच ठरवायचं."

झालं! पुणेकरांनी एक नाव घेतलं, नागपूरकरांनी दुसरं, मुंबईकर म्हणाले आधी बजेट सांगा. आवाज चढले. शेवटी कोपऱ्यात बसलेले एक काका, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले निवृत्त हेडमास्तर, उभे राहिले. म्हणाले, "सोपं आहे. ज्याने ज्या कवीचं नाव सुचवलंय, त्याने त्या कवीची एक कविता पूर्ण म्हणून दाखवायची. ज्याची होईल त्याचा पुतळा."

बेसमेंटमध्ये फर्नेसचा आवाज ऐकू यायला लागला.

एकाने सुरुवात केली, दुसऱ्या कडव्याला अडकला. एकीने चाल बरोबर धरली, शब्द गेले. संजयने छताकडे बघून घेतलं.

विनयने मिनिट्सच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "पुढचा विषय, पिकनिक."

घरी येताना गाडीत संजय म्हणाला, "त्या सेव्दाच्या मुलाला येत असेल का गं त्यांच्या कवीची?"

मी लाँड्री रूममध्ये ऐकली होती. चौथीतला मुलगा, ड्रायर संपेपर्यंत म्हणत होता. पण मी संजयला म्हटलं, "छे, कुठली!"

* * *

त्या उन्हाळ्यात अनघाची आई आली, सगळ्यांची माई. पहिले पंधरा दिवस त्या खिडकीत बसून गाड्या मोजत होत्या. "इथे रस्त्यावर माणूस का दिसत नाही गं?" एवढंच बोलायच्या. अनघा अपराधी वाटून त्यांना रोज मॉलमध्ये न्यायची, त्या तिथल्या बाकावर बसून माणसं मोजायच्या.

मग पार्कात त्यांना सेव्दाची आई भेटली. डोक्याला रुमाल, हातात विणकाम. तिला इंग्लिश येत नाही, माईंना जेमतेम. पहिल्या दिवशी दोघी शेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या फेरीला आलो तर दोघींचं जोरात चालू!

"माई, कुठल्या भाषेत बोलताय?" मी विचारलं.

"आमच्या," माई म्हणाल्या. "ती मैदान म्हणते, हवा म्हणते, बाजार म्हणते, दुनिया म्हणते, चाय म्हणते. आणखी काय लागतं?"

अनघाने आधी कौतुक केलं. मग एक दिवस सेव्दानेच तिला विचारलं, "तुझ्या आईचा गुडघा कसा आहे आता? आणि तो तुझ्या भावाचा जागेचा वाद मिटला का?"

अनघाचा चेहरा बघण्यासारखा झाला. गुडघ्याचं तिला माहीत नव्हतं. वादाचं तर नव्हतंच नव्हतं. ती तरातरा बाकापाशी गेली. "आई, मी तुझी मुलगी आहे. मला सांगत नाहीस, आणि हिला सांगतेस?"

माई शांतपणे म्हणाल्या, "तू लगेच अपॉइंटमेंट घेतेस. ती नुसतं ऐकते."

अनघा दोन दिवस त्या म्हातारीला हॅलोसुद्धा म्हणाली नाही! पण माईंचा खरा पराक्रम पुढेच. 'शाइर, शाइर' असं त्या बाईकडून सारखं ऐकून त्यांनी अर्थ लावला, की हा अझरबैजानचा शाहीर. आणि मंडळाच्या पिकनिकला सगळ्यांना ठासून सांगितलं, "पोवाडे म्हणायचा हो तो. मोठा माणूस!"

विनयने हे लिहून घेतलं.

* * *

आता शिल्पाचं. इथे मला जपून सांगावं लागेल, कारण इथे जळणारी मी आहे.

पुतळा घडवायला त्यांच्या देशातून एक वयस्क शिल्पकार आले होते. सगळे त्यांना मुअल्लिम म्हणत, म्हणजे गुरुजी. सेव्दाच्या भावाच्या घरी उतरले होते. घर पार्कच्या पलीकडेच. त्याच्या गॅरेजमध्ये ते मातीत चेहरा घडवत, तो पुढे कारखान्यात ब्राँझमध्ये ओतायचा. उकाड्यामुळे गॅरेजचं दार उघडं. आम्ही येता-जाता बघायचो.

एका सकाळी शिल्पा स्ट्रोलर सोडून तशीच उभी राहिली. मुअल्लिम पगडीच्या घड्या करत होते, पुसत होते, पुन्हा करत होते. शिल्पा एकदम मराठीतच बोलली, "अशी नाही बसत ती!"

त्यांनी मागे पाहिलं. ही सरळ आत गेली. अंगावर कॉटनचा कुर्ता, केसांना चिमटा. मातीत हात घातला. शिल्पाचे वडील नागपुरात गणपती घडवायचे, आणि मूर्तींना खऱ्या कापडाचे फेटे बांधायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. कापड कुठे ताणलं जातं, कुठे सैल पडतं, हे तिच्या बोटांत होतं. दहा मिनिटांत तिने एक बाजू केली. मातीचीच, पण वाटलं वाऱ्याने हलेल!

मुअल्लिमनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. स्वतः उभे राहिले.

"उद्या नऊ वाजता?" त्यांनी बोटांनी विचारलं.

त्या दिवशी मी आणि अनघाने चार फेऱ्या दोघींनीच मारल्या. शिल्पाचं पोरही मीच ढकलत होते. अनघा म्हणाली, "किती छान ना?"

मी म्हटलं, "छानच की." आणि इतक्या जोरात चालले की अनघाला धावावं लागलं.

चार वर्षं मी फॉर्मवर 'व्यवसाय' समोर होममेकर लिहीत होते. करमत नाही म्हणून लायब्ररीतून बांधकामाच्या नियमांची जाडजूड पुस्तकं आणून वाचत होते, जशा बाकीच्या कादंबऱ्या वाचतात. मला कुणी स्टूल ओढून दिलं नव्हतं.

* * *

दोन आठवडे गेले. एका दुपारी शिल्पा रडवेली होऊन माझ्याकडे आली. "मंजिरी, मी नाही जात आता तिथं."

"का गं? काय झालं?"

"ते गुरुजी आज काम बघून म्हणाले, हेयरान. दोनदा म्हणाले, छातीवर हात ठेवून. मी त्यांना हैराण केलं बाप्पा! इतकी मधेमधे बोलते मी, म्हातारा माणूस कंटाळला असेल."

आता मला काय माहीत होतं? काहीच नाही. पण मला शंका आली होती. हैराण झालेला माणूस छातीवर हात कशाला ठेवेल? सेव्दा खालच्या मजल्यावरच राहायची. जाऊन विचारायला दोन मिनिटं लागली असती.

मी म्हटलं, "असेल बाई. वयस्क माणसं, संकोचाने बोलत नाहीत. थोडे दिवस नको जाऊस."

आणि तिला मस्त आल्याचा चहा करून दिला! इतका चांगला चहा मी त्या वर्षात केला नव्हता.

तीन दिवस शिल्पा आमच्याबरोबर फेऱ्या मारत होती आणि मला सगळं पूर्वीसारखं वाटत होतं. चौथ्या दिवशी सेव्दा धावत आली. "तू येत का नाहीस? मुअल्लिम जेवत नाहीयेत!" शिल्पाने भीतभीत कारण सांगितलं. सेव्दाला आधी समजेना, मग ती पोट धरून हसायला लागली.

"हेयरान म्हणजे मोहून गेलो! तुझ्या हाताने मला वेड लावलं, असं ते म्हणाले!"

शिल्पा स्ट्रोलरसकट गॅरेजकडे पळाली. जाताना मला म्हणाली, "बघ ना, काय वेड्या आपण दोघी!"

दोघी म्हणाली. मला ते फार लागलं.

* * *

हे 'मोहून गेलो' प्रकरण शिल्पाने कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. प्रशांत, अत्यंत सरळ माणूस, ब्रेक डिझाइन करतो. त्याने ताट बाजूला केलं.

"मोहून गेलो म्हणजे?"

"अरे, कामावर!"

"वय काय त्यांचं?"

"बहात्तर."

"तब्येत कशी आहे?"

पुढच्या शनिवारपासून प्रशांत गॅरेजमध्ये हजर! सहज आलो म्हणाला. खुर्ची नव्हती म्हणून मातीच्या पोत्यावर बसला. मुअल्लिमनी त्याच्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे पाहिलं, आणि माती मळायची कशी ते हाताने दाखवलं. बहात्तर वर्षांच्या माणसाला नाही कसं म्हणणार? दर शनिवारी चार तास प्रशांत माती मळत होता. नजर बायकोवर, हात मातीत.

महिन्याभराने संजयने त्याला विचारलं, "काय रे, मिटला का संशय?"

प्रशांत म्हणाला, "संशय कधीच मिटला यार. पण आता ते म्हणतात, माझ्यासारखी माती कुणी मळत नाही!"

* * *

सप्टेंबर आला. ब्राँझचा पुतळा ओतून तयार होता, आता चबुतरा बांधायचा. पिवळ्या दोरीच्या आत खड्डा खणला गेला. एका बुधवारी फेरी मारताना मी सवयीने आत डोकावले.

खड्डा माझ्या गुडघ्याच्या जरासा वर येईल एवढाच होता.

मिशिगनमध्ये थंडीत जमीन खोलवर गोठते. तिच्यातलं पाणी बर्फ होऊन फुगतं आणि वरचं सगळं उचलतं. म्हणून पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो, बेचाळीस इंच, माझ्या कमरेच्याही वर. लायब्ररीतल्या त्या पुस्तकांनी मला हे पाठ करून दिलं होतं. असाच पाया भरला तर दोन हिवाळ्यांत कवी कलंडणार. आणि त्याची ती सुंदर पगडीही.

गुरुवारी मी स्वेटरच्या खिशात टेप घेऊन गेले. शिल्पा-अनघा पुढे गेल्यावर मोजलं. तेवीस इंच.

आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.

खरं सांगते, विसरले नव्हते. शुक्रवारी शिल्पा सांगत होती, पेपरवाले फोटो काढायला येणार, कोनशिलेवर मदत करणाऱ्यांची नावं येणार. मी तिच्या शेजारून चालत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पुतळा हळूहळू वाकत होता. मला ते बघायला बरं वाटत होतं! "तपासायला माणूस येईलच की," अशी मी स्वतःची समजूत घातली. "माझा काय संबंध? मला कुणी विचारलंय?"

शनिवारी सकाळी पोहे परतत होते. पार्काच्या बाजूने ट्रक मागे घेताना होतो तो टीं-टीं-टीं आवाज आला. बाल्कनीत जाऊन पाहिलं तर काँक्रीटचं मोठं पिंप गरगरत होतं. तपासणीवाला दुपारी येणार होता, हे शिल्पाच्या बोलण्यातून मला माहीत होतं. आणि एकदा काँक्रीट ओतलं की तो काय वरवर बघणार?

मी शेगडी बंद केली. संजय म्हणाला, "कुठे निघालीस?" आमच्या मुलीला, सईला, त्याच्यावर सोपवलं आणि धावले. घरातल्या निळ्या रबरी चपला, सलवार-कमीज, हाताला हळद.

"थांबा! स्टॉप!" मी खड्ड्याच्या आणि ट्रकच्या मधे जाऊन उभी राहिले.

काम करणारा ठेकेदार, दाढीवाला, साडेसहा फुटी. एरवी लोकांच्या अंगणात फरश्या बसवायचा. त्याने हात वर करून ट्रक थांबवला. "मॅडम, तुम्ही सिटीकडून आलात का?"

"नाही."

"स्मारकाच्या कमिटीच्या?"

"नाही."

"मग तुम्ही आहात कोण?"

चार वर्षांत मला हा प्रश्न कुणी इतका सरळ विचारला नव्हता. तोंडातून निघालं, "स्ट्रक्चरल इंजिनियर."

त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोजा." त्याने मोजलं. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा मोजलं. "बेचाळीस हवेत ना इथे?" असं स्वतःशीच म्हणाला. मग ट्रकवाल्याशी बोलला, ट्रक दुसऱ्या कुणाच्या ड्राइव्हवेवर रवाना झाला, आणि त्याने फावडी काढली. तो, त्याचा जोडीदार आणि मी. मी मोजून बघायला खाली उतरले ती उतरलेच. माती हाताला लागली आणि मला पुण्यातल्या सगळ्या साइट्स आठवल्या.

अकराच्या सुमारास वर बघते तर शिल्पा.

"मंजिरी! तू काय करून राहिली तिथं?"

मी सगळं सांगितलं. गोठणारी जमीन, बर्फ, इंच, सगळं. ती ऐकत होती. डोळे मोठे झाले होते तिचे. "बापरे! म्हणजे पडलाच असता तो. बरं झालं तू पाहिलं." मग तिने वाकून खड्ड्यात पाहिलं. "कधी लक्षात आलं तुझ्या?"

खोटं बोलता आलं असतं. ठेकेदाराला मराठी येत नव्हतं, टेपचं कुणाला माहीत नव्हतं.

"बुधवारी," मी म्हटलं.

शिल्पा म्हणाली, "आज शनिवार आहे."

आणि गेली.

* * *

तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. फिरायला यायची, अनघाच्या पलीकडून चालायची. मधे अनघा, एक कान माझ्याकडे, एक तिच्याकडे. ती बिचारी एकीशी बोलली की दुसरीचा चेहरा बघायची. शेवटी अनघा म्हणाली, "मी उद्यापासून एकटीच फिरणार, माझी मान दुखायला लागलीय!"

ऑक्टोबरमध्ये अनावरण झालं. ऊन होतं, झाडं लाल-पिवळी. नऊ घरं नटून आली होती, सेव्दाच्या मुलाने माईकवर कविता म्हटली, पूर्ण. मंडळाचे पन्नासेक लोक, मराठी माणसाने फेटा बांधलेला अझरबैजानी कवी बघायला! विनयने आयत्या वेळी माईक मिळवला आणि "पोवाड्याची ही थोर परंपरा" असं इंग्लिशमध्ये बोलला. सेव्दाच्या भावाने नम्रपणे टाळ्या वाजवल्या. माई आणि सेव्दाची आई पहिल्या रांगेत हात धरून बसल्या होत्या.

मी तिसऱ्या रांगेच्या टोकाला होते. मागून आवाज आला, "सरक."

शिल्पा. शेजारी बसली. समोर बघत होती.

पडदा ओढला. ब्राँझवर ऊन पडलं, आणि ती पगडी! मी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. त्यात किती भाग कौतुकाचा होता आणि किती दुसऱ्या गोष्टीचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

मग स्मारकाच्या कमिटीचे अध्यक्ष कार्डावरून आभार वाचायला लागले. मुअल्लिमचे. सिटीचे. आणि मग, "मातीकामात अमूल्य मदत करणारे मिस्टर अँड मिसेस प्रशांत!"

प्रशांत उठून हात हलवत होता. शिल्पा दगडासारखी बसून होती. मुअल्लिम पुढून वळून तिच्याकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होते, पण टाळ्या प्रशांतसाठी चालू झाल्या होत्या.

"आणि शेवटी," अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला यांचं नाव ठाऊक नाही. पण ठेकेदाराने आग्रहाने लिहायला सांगितलं आहे. चपला घातलेल्या त्या इंजिनियर बाईंचे आभार!"

लोक हसले, टाळ्या वाजल्या, सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मी उठले नाही. नाव नाही, गाव नाही, नुसत्या चपला! पगडी करणारीचं सगळ्यांना माहीत, पेपरात फोटो येणार, आणि माझं हे असं.

तेवढ्यात शिल्पा दात-ओठ खात माझ्या कानाशी म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. तुला इंजिनियर तरी म्हणाले!"

* * *

आता हा शेवटचा किस्सा, त्यातल्या त्यात अलीकडचा. दोन हजार आठचा.

शिल्पा एव्हाना दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला राहायला गेली होती. आम्हा सगळ्यांना काम करायची परवानगी मिळाली होती. ती मुलांना चित्रकला शिकवायची, मी एका छोट्या फर्ममध्ये लागले होते. मेमधल्या एका शुक्रवारी ती माझ्याकडे राहायला आली होती. नेमकी त्याच दिवशी सईच्या शाळेची दुसरीची सहल त्या पार्कात होती, आणि मी सुट्टी घेऊन मदतनीस पालक म्हणून जाणार होते. शिल्पा म्हणाली, "मी पण येते. बऱ्याच दिवसांत पगडी नाही बघितली."

सकाळी ती छान साडी नेसली. पार्कात!

टीचरने मुलांना पुतळ्याभोवती अर्धगोलात उभं केलं. कवी कुठला, किती जुना, ते सांगितलं. मग म्हणाली, "बघा, डोक्यावरचं कापड किती खरं वाटतं!" मुलं ओ-ओ करत माना वर करून बघायला लागली. शिल्पा माझ्या शेजारी उभी होती. पदर सारखा करून एक पाऊल पुढे झाली.

सईने हात वर केला. "माय मॉम मेड दॅट!"

सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली, मग पुन्हा वर पुतळ्याकडे. मी घाईने म्हटलं, "सई, अगं नाही! ती शिल्पामावशीने..."

"नॉट दॅट, आई," सई म्हणाली. ती पुढे गेली, खाली बसली आणि चबुतऱ्याच्या कडेच्या गवतावर तळहात ठेवला. "धिस. अंडर हिअर. इट गोज ऑल द वे डाउन."

वीस-बावीस मुलं, एकेक करून सगळी गुडघ्यांवर बसली आणि गवताला कान लावून ऐकायला लागली. टीचरसुद्धा वाकली. वर कवीकडे कुणीच बघत नव्हतं.

परत येताना गाडीत शिल्पा खिडकीबाहेर बघत होती. पार्क गेला, लायब्ररी गेली, सिग्नल लागला. मी म्हटलं, "जेवायला काय करू?"

ती म्हणाली, "तुझ्या मुलीला जरा जास्तच इंग्लिश येतं, नाही?"